वरची गल्ली, शेवटचं पान

नवा नळ बंद करायला तिनं तो जन्मभराच्या सवयीनं उजवीकडे पिळला, आणि पाण्याचा फवारा थेट तिच्या तोंडावर आला. एका हातात कादंबरी, तोंडात ब्रश, अशा अवतारात ती दचकून मागे सरली. घाबरून तिनं नळ आणखी जोरात पिळला आणि पाणी आणखी जोरात आलं. नाकात पाणी, चष्म्यावर पाणी, कादंबरीच्या शेवटच्या पानांवर पाणी. खुनी कोण ते कळायला जेमतेम दोन प्रकरणं उरली होती आणि ती दोन्ही आता एकमेकांना चिकटून बसली. "काय फोडलंस गं?" स्वयंपाकघरातून थोरल्या बहिणीनं, अक्कानं, विचारलं. "नळ!" "काल तो प्लंबर घसा खरवडून सांगत होता, हा डावीकडे बंद होतो म्हणून. तू मान डोलावलीस की!" "मी वाचत होते." "ते मला ठाऊक आहे. त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार?" तिनं नळ डावीकडे फिरवला, तसा तो मुकाट्यानं बंद झाला.

ती तशीच उभी राहिली. हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं, फेस कपड्यांवर उतरत होता, आणि काहीतरी खटकलं. ही जागा तिच्या चांगल्याच ओळखीची होती. कादंबरीच्या मध्यावर कुठेतरी, लेखक दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असतो, आणि त्यात एक साधं वाक्य जाता जाता येऊन जातं. आपण पान उलटतो, थबकतो, आणि परत मागे जातो. बंद करायला गेलो आणि उघडलं. तिनं नळ उजवीकडे फिरवला, पाणी आलं. डावीकडे फिरवला, गेलं. पुन्हा उजवीकडे. अक्का हात पुसत दारात येऊन उभी राहिली. "झालं का वेड लागायचं? दुपारी सभा आहे ना तुझी?" "अक्का, वरच्या गल्लीच्या तोंडावरचा व्हॉल्व नवा आहे." "असेल." "अगं, नवा आहे! तिथं सगळंच्या सगळं जुनं आहे आणि तो एकटा नवा आहे!" अक्कानं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "दात घासून घे आधी."

वरची गल्ली म्हणजे तिच्या प्रभागाचं जुनं दुखणं. खालचा रस्ता सपाट, दुकानांचा, तिथं नळाला पाणी धो धो. गल्ली मात्र चढावर, दोन्ही बाजूंना खेटून घरं, आणि अगदी टोकाला एका निवृत्त शिक्षिकेचं घर, ज्यांना लहानथोर सगळे नुसतं बाई म्हणत. पाणी तिथं जोरात कधीच नव्हतं, पण सकाळी यायचं आणि बादल्या भरायच्या. मग यंदा उन्हाळा सुरू व्हायच्या बेताला ते थांबलं ते थांबलंच. पाणीखात्यानं निदान केलं की पाइप आतून गंजून बुजला आहे, सगळी गल्ली खणून नवा घालावा लागेल. वर्ष तरी जाईल, तोवर लोकांनी चरांवर टाकलेल्या फळ्यांवरून जायचं-यायचं. नगरसेविका म्हणून तिनंच हा प्रस्ताव आणला होता. टँकरपाशी बादल्या घेऊन उभ्या राहिलेल्या लोकांसमोर तिनंच तावातावात सांगून टाकलं होतं की या सभेत पाण्याचा निकाल लावला नाही तर राजीनामा देईन. आज दुपारी प्रस्ताव मंजूर होणार हे सगळ्यांना माहीत होतं, विरोधकांचीसुद्धा ना नव्हती. आणि आता तिला वाटत होतं की पाइपला काहीएक झालेलं नाही. नुसतं वाटत होतं, आणि इथंच खरी गोम होती. वाटण्यावर भिस्त ठेवून प्रस्ताव मागे घेतला आणि अंदाज चुकला, तर गल्लीला पाणीही नाही आणि पाइपही नाही. पुन्हा पाळी यायला पुढचं अंदाजपत्रक. गप्प बसून मंजूर होऊ दिला आणि अंदाज बरोबर असला, तर बाईंसारख्या म्हाताऱ्या माणसांना विनाकारण वर्षभर फळ्यांवर चालवायचं, आणि ते आपल्याला ठाऊक असताना.

सभागृहात तिला कादंबरीबाई म्हणत. विरोधी बाकांवरच्या एका टक्कलवाल्या सभासदानं ते नाव ठेवलं आणि ते तिच्याच पक्षानं उचलून धरलं. विषयपत्रिकेच्या आड ती कादंबरी वाचते हे सगळ्या सभागृहाला माहीत होतं, महापौरांनासुद्धा. फक्त रहस्यकथाच वाचते हे कळल्यावर ते जरा नाराज झाले होते. तेवढ्यावर भागलं असतं. पण एकदा बागेतली बाकडी गायब झाली तेव्हा तिनं माळ्याच्या बुटांवरचा हिरवा रंग, फाटकाची मोडकी कडी आणि ठेकेदाराचा गुळगुळीत चेहरा यांची सांगड घालून भर सभेत चोरीचा उलगडा केला होता, आणि शेवटी बाकडी रंगवायला नेलेली निघाली. रंग हिरवाच होता. त्या दिवशी सभागृह इतकं हसलं की महापौरांना घंटा वाजवताना स्वतःचं हसू आवरेना. सुतावरून स्वर्ग गाठायची तिची सवय तेव्हापासून दप्तरी दाखल झाली होती. कपडे बदलताना तिला ते हसू ऐकू आलं आणि तिचे कान तापले. पण बटणं चुकीच्या काजांत जात होती आणि तिला त्याची फिकीर नव्हती; कितीतरी दिवसांत इतकं मस्त वाटलं नव्हतं.

या मस्त वाटण्याची चटक तिला लहानपणी एका दुकानात लागली होती. भाड्यानं पुस्तकं देणारं ते दुकान, बोळाच्या तोंडाशी, आत शिरलं की डिंकाचा आणि दमट कागदाचा वास. दुकानदाराची एक अजब रीत होती. रहस्यकथेचं शेवटचं पान तो पुस्तकातून काढून आपल्या खणात ठेवी. पुस्तक वेळेवर आणि धडधाकट परत आलं की मग ते पान काउंटरवर ठेवायचा, आणि गिऱ्हाइकानं उभ्या उभ्या वाचायचं. लोक शिव्या घालत, पण पुस्तकं परत येत. ती आणि अक्का एकाच अंथरुणात झोपत. आई गेल्यावर अक्काची शाळा सुटली होती, दिवसभर घर तिच्या अंगावर, त्यामुळे वाचायचं धाकटीनं आणि अंधारात सांगायचं अक्काला. "पुढे?" अक्का म्हणायची. दिवसभर राबून तिचे डोळे मिटत असत, पण ते "पुढे?" काही थांबत नसे. आणि गोष्ट शेवटच्या पानापाशी येऊन अडली की धाकटी आपला शेवट रचायची. दुसऱ्या दिवशी दोघी धावत दुकानात जात. पान काउंटरवर येई आणि ती वाचू लागे. बहुतेक वेळा तिचा अंदाज साफ चुकलेला असे. तिनं पोस्टमनला पकडलेलं असायचं आणि खरा गुन्हेगार निघायचा डॉक्टर. "तुझाच शेवट चांगला होता," अक्का परत येताना म्हणायची. पण ते काही खरं नव्हतं, आणि हे तिला तेव्हाही कळत होतं. रचलेला शेवट वेगळा आणि खणातून निघालेला वेगळा. कधीमधी दोन्ही जुळत, आणि तेव्हा त्या काउंटरपाशी तिला उडी मारावीशी वाटे. एकदा तर तिनं मारलीही होती. दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं होतं. "पुढे काय होतं त्यांचं?" तिनं त्याला विचारलं होतं. "पुढे काही नाही," तो म्हणाला, "पान संपलं." मग एक दिवस रस्ता रुंद करायचा म्हणून ते दुकान पाडलं. दीपगृहाचा राखणदार नाहीसा होतो अशी एक गोष्ट तेव्हा तिच्या हातात होती. तिचं पान खणातच राहिलं आणि खण कुठे गेला कोण जाणे. दुकान कुणी पाडलं असं तिनं विचारलं तेव्हा वडिलांनी सांगितलं, नगरपालिकेनं. हा शब्द तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो असा.

"व्हॉल्व नवा आहे मॅडम," पाणीखात्याचा अभियंता फोनवर म्हणाला. तो चहा पीत असावा, मधे मधे फुरका ऐकू येत होता. "नव्यात काय बिघाड असणार?" "बिघाड आहे असं मी म्हणतच नाही. तो उत्तम आहे. फक्त तो कुठल्या बाजूला उघडतो ते तुम्ही पाहिलंय का?" "सगळे व्हॉल्व डावीकडेच उघडतात." "माझा नळ उजवीकडे उघडतो." "तुमचा नळ." "हो, माझा नळ." फुरका थांबला. "मॅडम, राग मानू नका, काल रात्री काय वाचत होतात?" तिला राग आला नाही, उलट हसू आलं. हा माणूस चांगला होता, बाकड्यांच्या प्रकरणातही तो इतरांपेक्षा कमी हसला होता. "या," ती म्हणाली. "सकाळचं पाणी बंद व्हायच्या आत या. चुकले तर तुमच्या साहेबांसमोर तुम्हाला चहा पाजीन आणि स्वतःच्या तोंडानं सांगेन की कादंबरीबाईनं पुन्हा माती खाल्ली." "आणि बरोबर निघालात तर?" "तर चहा तुमच्याकडून." ती जिना उतरली ती दोन दोन पायऱ्या गाळत, आणि या वयात हे बरं नाही असं अक्का वरून ओरडली.

रस्ता रोजचाच होता. कचऱ्याची गाडी, अर्धवट उघडलेली शटरं, एका दुकानदाराचं "ताई, तो दिवा अजून लागत नाही," आणि तिचं चालता चालता "बघते." पण आज रस्त्याकडे तिचं लक्ष नव्हतं, ती मागची पानं चाळत होती. बाई काय म्हणाल्या होत्या? कार्यालयात लोकांच्या गर्दीत बसून, काठी गुडघ्यांत धरून, बाई म्हणाल्या होत्या, "पहाटे भांडंभर पाणी येतं हो. चावीवाला आला की जातं." सगळे हसले होते, कारण बाईंचं आणि पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याचं पटत नाही हे जगजाहीर होतं, तो सायकल त्यांच्या भिंतीला टेकवतो म्हणून. तीही हसली होती. आणि आणखी एकदा बाई म्हणाल्या होत्या की दुपारी, पाणी बंद असतं तेव्हा, नळाला बोट लावलं तर तो बोट ओढून घेतो. वयाचा परिणाम, असं म्हणून तिनं ते कानाआड केलं होतं. आता दोन्ही वाक्यं धावत परत आली. चावीवाला सकाळी येतो, गल्लीचा व्हॉल्व उघडतो, म्हणजे आपल्या समजुतीनं उघडतो, डावीकडे, हाताला अडेपर्यंत; आणि पाणी जातं. दुपारी तो बंद करतो, म्हणजे खरं तर उघडतो; म्हणून पहाटे थोडं पाणी चढतं, आणि दुपारी मोकळ्या झालेल्या पाइपातून हवा ये-जा करू लागते. रोज इमानेइतबारे, एकही खाडा न करता, तो गल्लीचं पाणी तोडत होता. आणि संशय सगळ्यांचा जुन्या पाइपावर, कारण तो म्हातारा, गंजलेला, बोलून चालून बदनाम. उन्हाळ्याच्या तोंडाशीच बसवलेल्या नव्याकडे कोण पाहणार? अशा किती कादंबऱ्या तिनं वाचल्या होत्या! घरात सगळ्यात शेवटी आलेला, नीटनेटका, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला पाहुणा. तिनं चालण्याचा वेग वाढवला. सगळं इतकं चपखल बसत होतं की मधेच तिला धडकी भरली. बाकडीसुद्धा अशीच चपखल बसली होती.

गल्लीच्या तोंडावर टँकर उभा होता, इंजिन सुरूच, आणि बादल्यांची रांग चढावर लांबली होती. चावीवाला लोखंडी झाकण बाजूला करून खड्ड्याच्या काठाशी उभा होता, हातात ती लांब दांड्याची चावी. अभियंता त्याच्याशेजारी, एक हात खिशात. "ताई, मी रोज उघडतो," चावीवाला दुखावल्या स्वरात म्हणाला. "पुरा उघडला की अडतो, हाताला कळतं ना." "बंद झाल्यावर पण अडतो ना?" त्यानं हातातल्या चावीकडे पाहिलं. "उघडल्यावर पाण्याचा आवाज येतो का?" "नाही येत. म्हणून तर साहेब म्हणाले, पाइप बुजलाय." अभियंत्यानं खिशातला हात बाहेर काढला. रांगेतली माणसं आता बादल्या सोडून जवळ आली होती. "आज सभा ना ताई? पाइप मंजूर होणार ना?" कुणीतरी विचारलं. "आधी हे होऊ दे," ती म्हणाली, आणि चावीवाल्याला म्हणाली, "उजवीकडे फिरवा." एखाद्याला उलट्या हातानं जेवायला सांगावं तसा त्याचा चेहरा झाला. मग त्यानं दांडा धरला, पाय फाकवले आणि जोर लावला. चावी फिरली. फिरतच राहिली. "फिरतंय!" तीच ओरडली. "फिरणारच," अभियंता हळूच म्हणाला, "मॅडम, उघडा असलेला आपण बंद करत असलो तरी तो असाच फिरेल." टँकरच्या घरघरीत खड्ड्यातलं काही ऐकू येईना. चावी अडली. चावीवाल्यानं कपाळ पुसलं. सगळे तिच्याकडे बघू लागले, आणि तिला काउंटरचा तो लाकडी काठ हाताला लागल्यासारखा वाटला, घामट, गुळगुळीत. "पहिल्या घराच्या नळाला बघा," अभियंता म्हणाला. कुणीतरी धावलं, आतून ओरडलं, "काही नाही!"

काही नाही. तिनं अभियंत्याकडे पाहिलं तर तो घड्याळ बघत होता. पाणी बंद व्हायची वेळ जवळ आली होती. या क्षणी शहाण्या माणसानं काय करावं? हसावं, हात झटकावे, दुपारी सभेत जाऊन मुकाट्यानं प्रस्ताव मंजूर करून घ्यावा. बाकड्यांशेजारी आणखी एक किस्सा जमा होईल, एवढंच. पण पाय ऐकेनात. ती चढ चढू लागली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. पान शेवटी असतं, पहिल्या घरात नसतं, असलं काहीतरी खुळचट तिच्या डोक्यात होतं. मागून लोक येत होते, रिकाम्या बादल्या गुडघ्यांवर आपटत. बाई दारातच उभ्या होत्या. "आज काय मिरवणूक?" त्यांनी विचारलं. "बाई, नळ कुठाय?" "जिथं होता तिथंच. त्याला कुठे पाय फुटलेत?" ती आत शिरली, मोरीत उकिडवी बसली, नळ पुरा सोडला आणि तोंडाशी बोट धरलं. काही नाही. खाली बाईंची प्लास्टिकची बादली, बुडाशी कोरडी. अंधारी मोरी, साबणाच्या वडीला पडलेल्या चिरा, भिंतीवर ओलीचा जुना डाग. आपण चुकलो, तिला वाटलं. पोस्टमन नव्हेच, डॉक्टरच. छातीतली ती सकाळपासूनची उसळी खाली खाली बसू लागली आणि तिला दुकानातून परत येतानाचा रस्ता आठवला, अक्काचा हात, तुझाच चांगला होता. आणि बोटाला वारा लागला.

आधी तिला भास वाटला. मग नळ फुसफुसला. मग खोकला, बाई खोकत तसाच, आणि हवेचा एक लांबलचक सुस्कारा बाहेर पडला. साऱ्या गल्लीच्या पोटात साठलेली हवा त्या एका नळातून वाट काढत होती. "हवा आहे नुसती," दारातून अभियंता म्हणाला, पण त्याचा आवाज बदलला होता. "हवा कोण ढकलतंय?" ती म्हणाली. "सांगा ना, मागून कोण ढकलतंय तिला?" तो उत्तर देणार तोच नळ थडथडला, भिंतीतला पाइप हादरला, आणि लालसर तपकिरी पाण्याची चूळ बादलीत, तिच्या मनगटावर, चष्म्यावर, सगळीकडे उडाली. सकाळपासून दुसऱ्यांदा ती नखशिखांत भिजली. बाहेर एका घरातून किंकाळी आली, मग दुसऱ्या, मग खालपर्यंत सगळी गल्ली ओरडू लागली, भांडी वाजू लागली, कुणी कुणाला हाका मारू लागलं. चावीवाला चढ चढून धापा टाकत आला, दारात उभा राहिला आणि स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघू लागला. "इतके दिवस मीच—" तो म्हणाला. "तुम्ही नाही," ती म्हणाली, "सवय." अभियंत्यानं कपाळाला हात लावला आणि मग तो हसत सुटला, मोठ्यानं, पोट धरून, आणि ती त्याच्याहून मोठ्यानं. मोरीत उकिडव्या बसलेल्या नगरसेविकेनं उडी मारली. पाय घसरला, अभियंत्यानं सावरलं, पण उडी झाली.

तिनं ओल्या हातानंच अक्काला फोन लावला. शब्द एकमेकांवर आदळत होते. व्हॉल्व उलटाच, चावी, हवा, आणि मग पाणी, अक्का, पाणी आलं, मी म्हटलं होतं तसंच, अगदी तस्संच. गल्ली खणायला नको, प्रस्ताव मी मागे घेणार, दुपारी उभी राहून सांगणार की नळ तोंडावर उडाला म्हणून मला कळलं, आणि टक्कलवाल्याला काय हसायचं ते हसू दे. अक्का ऐकत होती. ती काम थांबवून ऐकत होती हे कळत होतं, मागची भांडी गप्प झाली होती. बाई मात्र काठी टेकत पुढे आल्या, वाकून बादलीत डोकावल्या आणि त्यांनी नाक मुरडलं. "हे असलं पाणी? हे काय पिण्याजोगं आहे? याची तक्रार कुणाकडे करायची?" "माझ्याकडे," ती फोन तोंडाशी धरूनच म्हणाली. "मग लिहून घ्या," बाई म्हणाल्या, "आणि ती सायकल."

"पुढे?" फोनमधून अक्का म्हणाली. तोच आवाज, अंधारातला, झोपेला रेटून धरणारा. ती बादलीत बघत राहिली. तपकिरी पाणी काठापर्यंत चढत होतं, दाराबाहेर रिकाम्या बादल्या घेऊन माणसं उभी होती, आणि बाई तिच्या उत्तराची वाट बघत होत्या. पुढे काही नाही, पान संपलं, असं सांगणारा तो दुकानदार तिला आठवला. किती ठामपणे सांगितलं होतं त्यानं, आणि तिनं इतकी वर्षं ते खरं धरलं होतं.

"पुढे पाणी गढूळ आहे, अक्का," ती म्हणाली. "पुढे खूप आहे. जेवायला थांबू नकोस."